कलावंतांचे घर आणि जमिनीची मालकी

कलावंतांना घरे देण्याच्या घोषणा आपल्या देशात नव्या नाहीत. महाराष्ट्रात म्हाडाच्या सोडतीत कलावंतांसाठी दोन टक्के घरे राखून ठेवलेली असतात. नव्या मुंबईत बेलापूर येथे ऐंशीच्या दशकात वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली एक संपूर्ण वसाहत तर ‘आर्टिस्ट व्हिलेज’ याच नावाने ओळखली जाते. एका अंगणाभोवती सात घरे, शेजाऱ्याच्या घराशी सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवीत न्यावे, अशी त्या आराखड्याची कल्पना होती. कल्पना चांगली होती याबद्दल वाद नाही. परंतु पुढे ही घरे खुल्या बाजारात एका हातातून दुसऱ्या हातात गेली, कित्येक पाडून त्या जागी मजले चढले आणि नव्या मुंबईतील जमिनीचा भाव हाच तेथील घराचा भाव ठरला. वसाहतीचे नाव तेवढे कायम आहे. म्हाडाच्या सदनिकेचीही कथा वेगळी नाही. पाच वर्षांची मुदत संपली की ती विकावयास मोकळीक मिळते.

ज्याने घर विकले त्या कलावंताला दोष देण्याचे कारण नाही. ज्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही, त्याच्यापाशी विकण्यासारखी एकच वस्तू असेल तर अडचणीच्या वर्षी तो ती विकणारच. दोष योजनेचा आहे. या योजनांनी घर एका कलावंताला दिले, कलावंतांना दिले नाही. सार्वजनिक जमीन आणि सार्वजनिक पैसा एकदाच, एकाच माणसाच्या हाती पडला आणि त्याच्यामार्फत तो जमिनीच्या बाजारात कायमचा जिरून गेला. पुढच्या पिढीतील नटाला, वादकाला, चित्रकाराला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ती पहिल्यापेक्षा कितीतरी महाग भावाने.

कलावंताच्या घराचा प्रश्न हा काही मूठभर नामवंतांच्या सोयीचा प्रश्न नव्हे. आपल्या देशातील बहुसंख्य कलावंत हे रोजंदारीचे श्रमिक आहेत. नाटकाच्या प्रयोगात दिवे सांभाळणारा, तमाशाच्या फडात ढोलकी वाजविणारा, चित्रपटाच्या नृत्यपथकात मागच्या रांगेत नाचणारी, गणपतीच्या मूर्ती रंगविणारा, यांपैकी कोणापाशीही पगारपत्रक नसते, म्हणून त्यांना बँकेचे गृहकर्ज मिळत नाही. मात्र घराची गरज त्यांना इतरांपेक्षा अधिक असते, कारण त्यांचे घर हेच त्यांचे कामाचे ठिकाण असते. ढोलकीचा रियाज दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोप सांभाळून करता येत नाही. शिवाय काम शहराच्या मध्यभागी, रात्री उशिरा संपणारे. शेवटची गाडी चुकली की दिवसाची कमाई भाड्यात जाते.

गिरणगावाने हा प्रश्न काही काळ सोडविला होता, आणि तो कलावंतांसाठी खास योजना न आखता! तेथील शाहिरी, भजनी मंडळे, कामगार रंगभूमी, लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशे यांना आसरा दिला तो चाळीतील स्वस्त खोलीने आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ही नावे आपण अभिमानाने घेतो, पण त्यांचे श्रोते जेथे राहत तेथेच तेही श्रमिकांच्या वस्त्यांत वाढले, ही गोष्ट आपण सहसा हिशेबात धरीत नाही. १९८२ च्या संपानंतर, १९९१ ची विकास नियमावली आणि २००१ साली तीत झालेली दुरुस्ती यांच्या आधारे गिरण्यांच्या जमिनी विक्रीस निघाल्या, तेव्हा कामगारांबरोबर ती कलाही बेघर झाली. तिला वाचविण्यासाठी त्या वेळी कोणाही कलाप्रेमी धनिकाने आवाज उठविल्याचे आमच्या स्मरणात नाही.

मग उपाय कोणता? या बाबतीत सर्वांत बोलके दोन प्रयोग झाले ते न्यूयॉर्क शहरात, म्हणजे जमिनीच्या सट्टेबाजीच्या राजधानीतच. दोन्ही एकाच वस्तीतले आहेत, आणि दोन्ही ध्यानात घेतल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

मॅनहॅटन बेटाच्या आग्नेय भागात ‘लोअर ईस्ट साइड’ ही जुनी कामगार वस्ती आहे. युरोपातून आलेले ज्यू व इटालियन कामगार, नंतर पोर्तो रिकोतून आलेली कुटुंबे आणि कृष्णवर्णीय भाडेकरू यांनी ती वसली. सत्तरच्या दशकात घरमालकांनी कर थकविले, इमारती सोडून दिल्या, आणि त्या मोठ्या संख्येने महानगरपालिकेच्या ताब्यात आल्या. जवळच्याच ‘सोहो’ विभागात त्या सुमारास एक चमत्कार घडत होता. रिकाम्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलावंत राहू लागले होते आणि १९७१ साली कायद्याने त्याला मान्यता मिळाली होती. त्यांनी स्वतःच्या श्रमाने जागा साफ केल्या, वीज-पाणी आणले. त्यांच्यामागून कलादालने आली, त्यांच्यामागून उंची दुकाने आली, आणि अखेरीस असे धनिक आले की ज्यांच्यापुढे कलावंतांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. जमीनमालकवर्गाने यातून धडा घेतला: ज्या वस्तीचा भाव वाढवावयाचा, तेथे आधी कलावंत पाठवावेत.

१९८१ साली महापौर एडवर्ड कॉच यांच्या प्रशासनाने लोअर ईस्ट साइडमधील पालिकेच्या मालकीच्या काही इमारती दुरुस्त करून मध्यम उत्पन्नाच्या कलावंतांना मालकी हक्काने देण्याची योजना मांडली. वरकरणी ती कलेच्या हिताची होती. परंतु वस्तीतील भाडेकरू संघटनांनी सवाल केला की, आम्ही वर्षानुवर्षे उंदीर, गळकी छपरे आणि आगी सोसल्या, तेव्हा हा पैसा कोठे होता? मालकी हक्काची ही घरे म्हणजे आम्हाला हुसकावण्याची पहिली पाचर नव्हे काय? त्या वस्तीत राहणाऱ्या अनेक कलावंतांनीही या योजनेला विरोध केला, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. १९८३ साली शहराच्या बोर्ड ऑफ एस्टिमेटने योजना फेटाळली.

दुसरा प्रयोग ‘कूपर स्क्वेअर’चा. १९५९ साली शहराचा सर्वशक्तिमान नियोजक रॉबर्ट मोझेस याने याच वस्तीचे अकरा चौक झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली जमीनदोस्त करण्याचा बेत आखला. जागेवर मध्यमवर्गीयांसाठी इमारती व्हावयाच्या होत्या, आणि तेथील बहुसंख्य रहिवाशांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या. रहिवाशांनी समिती स्थापन केली. तिच्या अग्रभागी असलेल्या फ्रान्सिस गोल्डिन या समाजवादी बाईंनी १९५० साली अमेरिकन लेबर पक्षातर्फे राज्याच्या सेनेटची निवडणूक लढविली होती. त्याच पक्षाच्या यादीवर त्या वर्षी विख्यात विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस हे राष्ट्रीय सेनेटचे उमेदवार होते. मॅकार्थीच्या दहशतीच्या काळात अशी उमेदवारी करणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको.

समितीने निव्वळ ‘नको’ म्हटले नाही. वॉल्टर थॅबिट या नियोजकाच्या साहाय्याने १९६१ साली तिने आपला पर्यायी आराखडाच प्रसिद्ध केला. जे आज येथे राहतात त्यांनाच नव्या बांधकामाचा लाभ व्हावयास हवा, त्यांचा बळी जाता कामा नये, हे त्याचे सूत्र. तो आराखडा शहराकडून मान्य करून घेण्यास १९७० साल उजाडले. १९७३ साली निक्सन सरकारने गृहनिर्माणाचा केंद्रीय निधी गोठविला आणि सारे पुन्हा थंडावले. १९९० साली महापौर डिंकिन्स यांच्या काळात अखेर करार झाला. एकतीस वर्षे! एखाद्या मागणीचा पाठपुरावा म्हणजे काय, याचे हे उदाहरण आपल्या शाखांनी जरूर अभ्यासावे.

या करारातून निघालेली रचना तपशिलाने सांगावयास हवी, कारण सारे मर्म त्या तपशिलात आहे. मालकीचे दोन भाग पाडण्यात आले. जमीन एका न्यासाकडे गेली. अशा संस्थांना तिकडे ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ म्हणतात, आपण तिला सामुदायिक भूमिन्यास म्हणू. जमिनीवरील इमारती मात्र रहिवाशांच्या परस्पर गृहसंस्थेकडे गेल्या. न्यासाने गृहसंस्थेला जमीन नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली आणि घरे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच राहतील ही अट त्यात घातली. रहिवाशाला आपल्या घराचा भाग अवघ्या २५० डॉलरांना मिळाला. त्याला बाहेर काढणारा घरमालक राहिला नाही, परंतु निघून जाताना बाजारभावाने घर विकून नफा कमावण्याचा हक्कही त्याला राहिला नाही. घर संस्थेकडे परत येते आणि पुढच्या गरजू कुटुंबाला मिळते. तळमजल्यावरील दुकानांच्या भाड्यातून इमारतींच्या देखभालीचा भार हलका होतो. वीसहून अधिक इमारती आणि तीनशेहून अधिक घरे अशा रीतीने बाजारातून बाहेर काढली गेली, आणि तीही जेथे एका खोलीचे भाडे ऐकून मुंबईकरासही घाम फुटेल अशा ठिकाणी.

ही घरे ‘कलावंतांची वसाहत’ म्हणून बांधलेली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. वस्तीतील इतर श्रमिकांबरोबर नट, वादक, चित्रकारही तेथे राहिले, ते भाडेकरू म्हणून, शेजारी म्हणून. याच टापूतील पूर्वेकडील चौथ्या रस्त्यावर ‘ला मामा’ आणि ‘न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप’ यांसारख्या नाट्यसंस्था टिकून आहेत. २००५ साली त्या रस्त्यावरील पालिकेच्या मालकीच्या इमारती तेथील सांस्कृतिक संस्थांना एकेका डॉलरला देण्यात आल्या, आणि त्यामागेही कूपर स्क्वेअर समितीची व त्या संस्थांची एकत्र चळवळ होती. ज्या वस्तीने १९८३ साली कलावंतांच्या मालकीच्या घरांना विरोध केला, तिनेच पुढे नाट्यगृहांसाठी लढा दिला! याचा अर्थ वस्ती कलेच्या विरुद्ध कधीच नव्हती. आपल्याला हुसकावण्यासाठी कलेचे निशाण पुढे केले जात होते, त्याला तिचा विरोध होता.

या भूमिन्यासाच्या कल्पनेचा उगमही आपल्या वाचकांना विचार करावयास लावील. असा पहिला न्यास १९६९ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी स्थापन केला. मतदानाचा हक्क मागितला म्हणून गोऱ्या जमीनदारांनी ज्या कुळांना जमिनीवरून हाकलले, त्यांच्यासाठी पाच हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी सामुदायिक मालकीने घेतली. त्यांच्या सल्लागारांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यावर विनोबांच्या ग्रामदान चळवळीचा प्रभाव होता. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यास जन्मलेल्या माणसाची कल्पना अशी सातासमुद्रापार पोहोचली. परंतु भूदानाची पहिली हाक १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीला का दिली गेली, हेही आपल्याला ठाऊक आहे. तेलंगणातील शेतकऱ्यांनी आपल्या सशस्त्र लढ्यात जमीनदारांची जमीन ताब्यात घेतली होती, आणि त्या लढ्याचे पाणी तोडावयाचे होते. दानातून जमिनीचा प्रश्न सुटला नाही. जॉर्जियातही वर्णद्वेषी यंत्रणेने दुष्काळात कर्ज नाकारले आणि १९८५ साली ती जमीन कर्जापोटी गेली. कूपर स्क्वेअरची जमीन टिकली, कारण ती कोणी दान दिली नव्हती. रहिवाशांनी ती शहराकडून काढून घेतली होती.

म्हणूनच ‘विश्वस्त’ या शब्दाने आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडत असतील, तर ते समजण्यासारखे आहे. भांडवलदाराने संपत्तीचा विश्वस्त व्हावे, हा उपदेश आपण पुष्कळ ऐकला. येथे विश्वस्त बदललेला आहे. भूमिन्यासाच्या प्रचलित पद्धतीत मंडळाच्या एक तृतीयांश जागा रहिवाशांच्या, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीच्या आणि उरलेल्या जाणकारांच्या व सार्वजनिक प्रतिनिधींच्या असतात. शेजारच्या वस्तीला मंडळावर स्थान असणे महत्त्वाचे आहे. केवळ आत राहणाऱ्यांच्याच हाती सर्व सत्ता दिली, तर तेच एके दिवशी बहुमताने विक्रीचा ठराव करतील. आपल्याकडील सहकारी गृहसंस्थांचे हेच झाले. जमिनीची मालकी संस्थेची, पण सदनिकेचा भाव बाजाराचा. हस्तांतर शुल्क घेऊन संस्था बाजूला होते, आणि सहकाराचे नाव फलकापुरते उरते.

आता दिल्लीकडे वळू. शादीपूर डेपोजवळची कठपुतली कॉलनी सत्तरच्या दशकात वसली. राजस्थानचे कठपुतळीवाले भाट, जादूगार, डोंबारी, ढोलवादक अशी निरनिराळ्या प्रांतांची कुटुंबे तेथे एकत्र आली. ‘भूले बिसरे कलाकार’ नावाची सहकारी संस्थाही त्यांनी उभी केली होती. भारत सरकार परदेशांत भारत महोत्सव भरवी, तेव्हा येथील कलावंत देशाचे प्रतिनिधी म्हणून जात. परतल्यावर मात्र ते अनधिकृत झोपडीधारक ठरत! २००९ साली दिल्ली विकास प्राधिकरणाने ही सुमारे पाच हेक्टर जमीन एका खाजगी विकासकाकडे सोपविली. रहिवाशांसाठी २,८०० सदनिका, आणि त्याच जमिनीवर श्रीमंतांसाठी गगनचुंबी मनोरा. आमच्या बाहुल्या, ढोल, कसरतीचे बांबू आम्ही वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत कोठे ठेवावे, रियाज कोठे करावा, हा कलावंतांचा प्रश्न अनुत्तरित राहिला. आनंद पर्वत येथील संक्रमण शिबिरात काही कुटुंबे २०१४ पासून गेली. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी पोलीस बंदोबस्तात उरलेल्या वस्तीवर बुलडोझर फिरविण्यात आले. थोड्या काळापुरते म्हणून उभारलेल्या शिबिरात कुटुंबांनी त्यानंतर वर्षांमागून वर्षे काढली.

कठपुतली कॉलनीची जमीन आधीच सार्वजनिक मालकीची होती, तेथे कलावंतांची संघटना होती, चाळीस वर्षांची वस्ती होती. कूपर स्क्वेअरपाशी होते ते सारे येथे होते. ती जमीन रहिवाशांच्या न्यासाला दीर्घ पट्ट्याने देण्यास तांत्रिक अडचण कोणती होती? पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन येथे कान्यो मार्तिन पेन्या या खाडीकाठच्या झोपडपट्ट्यांच्या बाबतीत २००४ साली नेमका असाच कायदा झाला. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचे. २००९ साली तेथील सरकारने ती जमीन परत काढून घेण्याचा प्रयत्न केला, आणि लोकांनी लढून २०१३ साली ती पुन्हा न्यासाकडे आणली. आपल्याकडे ओडिशाच्या २०१७ च्या कायद्याने झोपडीधारकांना दिलेला जमीनहक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही. तो हक्क व्यक्तीचा आहे, समुदायाचा नाही, ही त्याची मर्यादा. तरीही जमीन बाजारापासून वेगळी ठेवता येते, हे भारतीय कायद्यालाही मान्य आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

एंगल्स यांनी १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना प्रत्येक कामगाराला छोटा घरमालक बनविण्याच्या प्रूधाँवादी स्वप्नाचा समाचार घेतला होता, आणि भांडवली उत्पादनपद्धती कायम ठेवून हा एकच प्रश्न सुटा सोडविता येईल ही आशाही त्यांनी फोल ठरविली होती. ती टीका आजही ताजी आहे. तीनशे घरांनी न्यूयॉर्कची सट्टेबाजी थांबली नाही. कूपर स्क्वेअरच्या चहू बाजूंनी भाडी वाढतच गेली. भूमिन्यासाने जमिनीचा प्रश्न सुटतो असे म्हणणारा स्वतःची फसवणूक करतो. परंतु छोट्या मालकीचे आमिष आणि हा मार्ग यांत गल्लत करू नये. पहिल्यात श्रमिकाला जमिनीच्या भाववाढीत हितसंबंध निर्माण होतो आणि तो नकळत सट्टेबाजाच्या बाजूला ओढला जातो. दुसऱ्यात भाववाढीशी त्याचा संबंधच उरत नाही, शेजाऱ्याशी मात्र उरतो.

यावरून आपल्या जनसंघटनांनी, विशेषतः कलापथके, लेखक-कलावंतांच्या संघटना आणि भाडेकरू व झोपडपट्टीवासीयांच्या संघटना यांनी काही मागण्या एकत्रितपणे हाती घ्यावयास हव्यात. कलावंतांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराच्या पट्ट्यात खुल्या बाजारातील विक्रीला मनाई असावी, आणि घर सोडणाऱ्याला त्याने भरलेली रक्कम व केलेल्या सुधारणांचा रास्त मोबदला मिळावा. सरकार, रेल्वे, बंदरे यांच्या पडीक जमिनी विकासकाला देण्याऐवजी वस्तीच्या न्यासांना दीर्घ पट्ट्याने द्याव्यात. दिल्लीत पट्ट्याच्या जमिनी मुक्त मालकीच्या करून देण्याचे जे धोरण १९९२ पासून चालले आहे, ते सार्वजनिक हाताखालील जमीन एकेक करून बाजारात सोडण्याचे धोरण आहे. त्याला वस्त्यांच्या बाबतीत तरी ठाम विरोध झाला पाहिजे. प्रत्येक पुनर्वसन आराखड्यात रियाजाची जागा ही जिना किंवा पाण्याची टाकी यांप्रमाणेच बांधकामाचा सक्तीचा भाग धरली जावी. कलावंतांसाठी वेगळा राखीव हिस्सा मागण्यापूर्वी त्या जमिनीवर आज कोण राहते, याची विचारपूस करावी. ज्या शहरांत आपले मराठी भाषिक सभासद कामगार आघाडीवर आहेत, त्या इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली आदी ठिकाणी अशा वस्त्यांची आणि त्यांच्याखालील जमिनीच्या कागदपत्रांची पाहणी करण्याचे काम स्थानिक शाखांना या वर्षाच्या आतच सुरू करता येण्यासारखे आहे. सात-बारा, नगर भूमापनाची नोंद, पट्ट्याची मुदत कधी संपते, एवढे जरी हाती आले, तरी विकासकाची नोटीस येण्याआधी वस्तीपाशी स्वतःचा आराखडा तयार असेल.